थंड खोलीतला घोडा

"सूनबाई, तुझा गहू उभा आहे की बसलाय?"

निसानबेक अगायनी भर व्हरांड्यात विचारलं आणि चहाचे पेले घेऊन उभे असलेले सगळे फिस्सकन हसले. कराबास्तौच्या त्या गहू संशोधन केंद्रात वयाने मोठ्या माणसाला अगाय म्हणायची रीत. अडुसष्ट वर्षांच्या निसानबेकला साहेबापासून ट्रॅक्टरवाल्यापर्यंत सगळे अगायच म्हणत. कलामकासही म्हणायची. मनात मात्र ती त्याला थेरडा म्हणायची, आणि एवढ्यावर थांबायची असंही नाही.

"उभाच आहे, अगाय," ती हातातला रोपांचा ट्रे न हलवता म्हणाली. "जरा वाकून बघावं लागतं. तुमची कंबर धरली असेल तर राहू द्या."

"कंबर ठणठणीत आहे. नजर अधू झालीय. मला वाटलं, शेवाळ घेऊन निघालीस."

पुन्हा हशा पिकला. कलामकासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळिशीला आलेली बाई, दोन दोन पदव्या, गव्हाच्या प्रयोगशाळेची प्रमुख. आणि हा माणूस तिला चारचौघांत सूनबाई म्हणायचा. का, तर तिचा सासरा याचा मित्र होता आणि याचं घर तिच्या सासरच्याच आळीत होतं. नातं कसलं डोंबलाचं! बाई, तू आमच्या गल्लीत सून म्हणून आलेली आहेस, हे रोज आठवून द्यायचं, एवढाच त्यात हेतू.

ती पण काही कमी नव्हती. म्हाताऱ्याच्या वह्यांना ती पोथ्या म्हणायची. एकदा साहेबांसमोर तिने सांगितलं होतं, की अगायचं शास्त्र त्यांच्या दातांबरोबरच पडून गेलं. हे त्याच्या कानावर गेलं, आणि त्यानंतर सहा वर्षं दोघं एकमेकांच्या डोळ्यांत कुसळासारखी सलत होती.

भांडणाचं मूळ होतं गहू. कराबास्तौच्या माळावर गहू शरदात पेरतात. तो उगवतो, बर्फाखाली हिवाळा काढतो आणि उन्हाळ्यात कापणीला येतो. हिवाळा काढायची शक्ती त्याच्या अंगात असतेच, पण ती झोपलेली असते. थंडी हळूहळू वाढायला लागली, की रोपाच्या पेशीतलं एक प्रथिन जागं होतं आणि थंडीच्या बंदोबस्ताची जनुकं एकेक करून उठवत सुटतं. पुस्तकात त्याला प्रतिलेखन घटक म्हणतात. कलामकास शेतकऱ्यांना समजावताना त्याला मुकादम म्हणायची. मुकादमाने हाक दिली, की कोणी पेशीत साखर साठवतं, कोणी तिचं पातळ आवरण चिवट करतं, कोणी आतल्या बर्फाचे खडे मोठे होऊ देत नाही. तीन आठवड्यांत रोप पक्कं तयार होतं. पण मधेच चार दिवस ऊब आली, की मुकादम पुन्हा झोपतो आणि सगळा बंदोबस्त उठतो. त्यावर कडाक्याचा गारठा पडला, की रोप जागच्या जागी खलास.

अलीकडे नेमकं हेच व्हायला लागलं होतं. डिसेंबरात ऊन, आणि मग एकाएकी उणे वीस. म्हणून कलामकासने सहा वर्षं खपून असा गहू काढला होता, ज्यातला मुकादम कधी झोपतच नाही. थंडी असो नसो, हा आपला पहाऱ्यावर. त्यात एकच खोट होती. सगळी ताकद पहाऱ्यात गेल्यामुळे रोप खुजं राहायचं आणि चांगल्या सालीही ओंबी बारकी भरायची.

"बारा महिने कोट घालून बसणारा माणूस नांगर कधी धरणार?" निसानबेक विचारायचा. आणि त्याला सरळ उत्तर तिच्याकडे नव्हतं, हे तिलाही माहीत होतं.

त्याचा स्वतःचा गहू बारा वर्षांच्या संकरांतून आला होता. माळावरचे जुने गहू निवडायचे, एकमेकांशी जुळवायचे, मरतील ते मरू द्यायचे. उंच, भरल्या ओंबीचा, आणि नीट थंडी मिळाली तर कडाक्याला पुरून उरणारा. केंद्रातली एक बरणी सोडली, तर या गव्हाचं जगात एकूण तीन पोती बियाणं होतं, आणि ती तिन्ही पोती म्हाताऱ्याच्या घरी कपाटामागे उभी होती.

त्या वर्षी केंद्रातून एकच गहू सरकारी चाचणीला जाणार होता. जो जाईल त्याचं काम पुढे चालणार, दुसऱ्याचं बंद. दोघांना पुरेल एवढं केंद्रात काही उरलंच नव्हतं. वरून समिती येणार, दोन्ही गहू गोठवून बघणार आणि जास्त रोपं ज्याची जगतील तो निवडणार, असं ठरलं.

गोठवण्याआधी रोपांना तीन आठवडे तीन अंशांवर ठेवावं लागतं. त्यासाठी मागच्या बाजूला दिव्यांची थंड खोली होती. भिंतीवर एक यंत्र रात्रंदिवस कागदाच्या पट्टीवर तापमानाची रेघ ओढत असे. खोलीची किल्ली कलामकासकडे. निसानबेकने स्वतःचे ट्रे स्वतः आणून मांडले, प्रत्येक रोपावरून बोट फिरवलं, आणि जाताना एवढंच म्हणाला, "दार नीट लाव."

"मला शिकवू नका," ती म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी दुपारी सासूचा फोन आला.

"मांस गळायला लागलंय," सासूने सुरुवातच केली. कलामकास तिला एने म्हणायची. "परवा घोडा कापला आणि आज बाहेर चौदा अंश! डिसेंबरात माशा बघितल्यास कधी? छपरात टांगलंय ते खाली ठिबकतंय."

हिवाळ्याच्या तोंडाशी घोडा कापायचा, मांस छपरात टांगून ठेवायचं, थंडीत ते आपोआप गोठतं आणि वसंतापर्यंत घर त्यावर जगतं. आजोबा-पणजोबांपासून असंच. कोणाच्या छपरात कधी काही नासलं नव्हतं.

"एने, मग फ्रीजमध्ये..."

"अख्खा घोडा फ्रीजमध्ये? तुझ्याकडे खोली आहे ना ती."

"ती रोपांची आहे."

"हो का? गवताला गारवा आणि माझ्या घोड्याला उकाडा!" सासूचा आवाज चढला. "आठ वर्षं झाली तुला या घरात येऊन. त्या केंद्रातून या घराच्या उपयोगाचं काय आलं गं? एक मुळा तरी आणलास? हिवाळाभर मी माझ्या पोराला काय घालू, तुझे कागद?"

कलामकासने कपाळाला हात लावला. घरी याच्यावरून किती दिवस बोलणी खावी लागतील, हे तिला ठाऊक होतं. नवरा बोलायचा नाही, पण जेवताना मान खाली घालून बसायचा, आणि ते तिला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

"एकच रात्र," ती म्हणाली. "उद्या गारठा पडेल, मग उचलायचं."

नवरा, एरसायन, गाडी घेऊन आला. तंगड्या, फासळ्या, आतड्यात मांस भरून केलेल्या कझीच्या पराती. दिव्यांच्या सळ्यांना आकडे अडकवून त्यांनी सगळं टांगलं. मांस मुळीच गार नव्हतं. खाली हिरवी रोपं आणि वर लाल तंगड्या, असं ते विचित्र दृश्य बघून तिला कसंतरीच झालं. तिने एरसायनला दुसरी किल्ली दिली, सकाळी लवकर ने म्हणून बजावलं आणि दार स्वतःच्या हाताने लावलं.

शनिवारी गारठा पडला नाही. केंद्र बंद होतं, कलामकास तापाने अंथरुणात होती, आणि एरसायन म्हणाला, "एनेने बघितलंय सगळं, तू झोप." सासूने काय बघितलं होतं, ते सोमवारी सकाळी सात वाजता कळलं. शेजारणीचाही घोडा आत आला होता! दोन घोडे! दुसऱ्याला जागा करायला ट्रे कोपऱ्यात सरकवलेले, आणि शेवटची परात दारात अशी अडकलेली, की दार तीन बोटं उघडंच. थंडीचं यंत्र दमून घरघरत होतं. कागदावरची रेघ शुक्रवारी संध्याकाळी चढायला लागली होती आणि चौदावर जाऊन सरळ झाली होती. दोन दिवस, तीन रात्री.

तिने एरसायनला फोनवर ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. तासाभरात मांस हललं. तिने गुडघ्यावर बसून फरशी धुतली, ट्रे जागेवर लावले. दुपारपर्यंत रेघ पुन्हा तीनवर आली. रोपं अगदी होती तशी हिरवी दिसत होती. बंदोबस्त उठला हे रोपाच्या तोंडावर थोडंच लिहिलेलं असतं?

सांगायला हवं होतं. साहेबांकडे जायचं, झालं ते सांगायचं, रोपं पुन्हा तीन आठवडे ठेवायची. समिती पुढे ढकलली गेली असती, तिची नोकरी बहुतेक गेली असती, आणि म्हातारा जन्मभर हसला असता. सूनबाईने प्रयोगशाळेत खाटकाचं दुकान मांडलं! नुसत्या कल्पनेनेच तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक विचार होता, तो तिने स्वतःशीसुद्धा मोठ्याने उच्चारला नाही. माझा गहू टिकेल. माझ्या गव्हाला ही खोली लागतच नाही.

तिने त्या आठवड्याची पट्टी यंत्रावरून फाडून पिशवीत लपवली आणि आधीच्या आठवड्याची नक्कल काढून तिच्या जागी लावली.

रोपं ठरल्या दिवशी उणे पंधरापर्यंत गोठवली, मग उबेत आणली. दोन आठवड्यांनी समितीचे तिघे आले. काचघरात त्यांच्यासमोर मोजणी झाली. कलामकासची पन्नासात त्रेचाळीस रोपं फुटली होती. निसानबेकची दोन.

म्हाताऱ्याने टोपी काढली, पुन्हा घातली. मग वाकून एक रोप उपटलं, बोटांत चुरडलं. आतून ते शिजवल्यासारखं मऊ झालं होतं.

आणि इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. कलामकास बोलणार होती. अगदी ओठांवर आलं होतं. त्या मऊ रोपाकडे बघणारे त्याचे हात तिला बघवेनात, तिने एक पाऊल पुढे टाकलंही. तेवढ्यात तो वळला.

"हिने मारली!" तो ओरडला. "या बाईने माझी रोपं मारली! सहा वर्षं माझ्या मुळावर उठलीय. माझा मित्र भोळा होता, कुठल्या उकिरड्यावरची पोर उचलून घरात घेतली त्याने, कोणाला ठाऊक!"

समितीचे प्रमुख सागिनतायेव गडबडले. "अगाय, अहो, जरा शांत..."

कलामकासचे आईबाप तिच्या लहानपणीच गेले होते. काकीच्या घरी ती वाढली, ते सगळ्या आळीला माहीत होतं. तिचं पुढे टाकलेलं पाऊल मागे आलं.

"खोलीचं तापमान तीन होतं," ती म्हणाली. आवाज इतका थंड निघाला, की तिलाच नवल वाटलं. "पट्ट्या फायलीत आहेत. अगायना अजून वाचता येत असेल, तर त्यांनी बघाव्यात."

त्याने बघितल्या. चष्मा लावून, खुर्ची ओढून, एकेक पट्टी बोटाखाली धरून बघितल्या. सगळे थांबून राहिले. शेवटी त्याने फाईल मिटली, टेबलावर ठेवली आणि बाहेर गेला. जेवायलासुद्धा थांबला नाही.

जेवणात सासूने कौतुकाने पाठवलेली कझी होती.

"वा!" सागिनतायेव दुसरा तुकडा घेत म्हणाले. "आमच्याकडे या उकाड्यात सगळ्यांचं मांस वाया गेलं. तुम्ही कुठं टांगलं होतं हो?"

"घरी," कलामकास म्हणाली. "मागची खोली गार असते."

मग तिच्या गव्हाच्या निवडीवर सह्या झाल्या. घरी सासूने तिला पहिल्यांदा स्वतःच्या हाताने वाढलं आणि म्हणाली, "बघ, घरच्यांचं ऐकलं की बरं होतं की नाही?" कलामकासने ताट बाजूला सारलं. पहिल्या दिवशी तिने स्वतःला बजावलं, की म्हाताऱ्याच्या तोंडाची हीच लायकी. दुसऱ्या दिवशीही बजावलं. तिसऱ्या दिवशी बर्फ पडला, खराखुरा, गुडघाभर, आणि खिडकीतून तो बघताना तिला कळून चुकलं, की असल्या हिवाळ्यात, सगळं वेळेवर झालं तर, म्हाताऱ्याचा गहू तिच्यापेक्षा दीडपट पिकला असता. तीन पोती आहेत, ती मनाशी म्हणाली. अजून काही बिघडलेलं नाही. त्याला खरं सांगू. मग तो तक्रार करू दे, नोकरी घेऊ दे, काय वाटेल ते करू दे.

खरी पट्टी पिशवीत घालून ती भर दुपारी त्याच्या घरी गेली.

दार त्यानेच उघडलं. तिला बघून त्याचा चेहरा आवळला गेला.

"काय? मिरवायला आलीस?"

"बोलायचंय, अगाय."

"मला नाही बोलायचं." पण तो दारातून बाजूला झाला. वैरी असला तरी उंबऱ्यावर आलेल्याला भाकरीला तोंड लावल्याशिवाय परत धाडायचं नाही, हे त्याच्या हाडांत भिनलेलं होतं. त्याची म्हातारी चुलीपाशी होती. तिने काही न विचारता ताजा, वाफाळता नान पाटावर आणून ठेवला आणि बाहेर निघून गेली.

"लाव तोंड," निसानबेक म्हणाला. "आणि जा."

कलामकासने तुकडा मोडला, तोंडात घातला. नान चांगला होता, खमंग, किंचित गोडसर. तो गिळून ती म्हणाली, "अगाय, तुमची ती तीन पोती. ती जपून ठेवा. पुढच्या शरदात पुन्हा..."

"पोती नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"दळून आणली. परवा. केंद्रातल्या बरणीतलं होतं, तेही नेलं." त्याने हनुवटीने पाटाकडे खूण केली. "खातेस तू आत्ता."

तिच्या हातातला तुकडा हातातच राहिला.

"का?" तिच्या तोंडून कसंबसं निघालं. "का, अगाय?"

"मग काय करू? बारा वर्षं माळावरच्या माणसांना सांगत आलो, की हा थंडीत मरत नाही. मेला! डोळ्यांदेखत मेला. बियाणं ठेवलं असतं, तर कोणीतरी माझ्या शब्दावर विसंबून पेरलं असतं आणि उपाशी राहिलं असतं. तिथे मी वेड्यासारखा ओरडलो, तुझ्या आईबापाचं काढलं. मग पट्ट्या बघितल्या. सगळ्या. तू उद्धट आहेस, तुझ्या जिभेला हाड नाही, तुझं तोंडही मला बघवत नाही. पण कागदावर खोटी रेघ ओढणारी तू नाहीस, एवढं मी ओळखतो. म्हणून दळलं."

कलामकासला वाटलं, उठावं आणि बर्फातून पळत सुटावं. ती उठली नाही. तिने पिशवीतून पट्टी काढली, त्याच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. सासूचा फोन, दोन घोडे, दारात अडकलेली परात, चौदा अंश. माझा टिकेल हा तिचा विचारसुद्धा सांगितला. सांगताना ती रडली नाही. रडायचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटत होतं.

म्हाताऱ्याने चष्मा लावला. पट्टीवरची रेघ बोटाने धरून तो चढावर गेला, सपाटीवर गेला, उतारावरून खाली आला. मग पुन्हा पहिल्यापासून.

"चौदा," तो म्हणाला. "दोन दिवस."

"तीन रात्री."

"मग मेलाच असता. कुठलाही मेला असता." मग मान वर न करता त्याने विचारलं, "तुझी त्रेचाळीस जगली? याच खोलीत होती?"

"याच खोलीत."

"म्हणजे तुझा मुकादम खरा आहे." हे त्याने अगदी साध्या आवाजात म्हटलं, वहीत नोंद करावी तसं. "सहा वर्षं मी हसलो. तुझं बरोबर होतं."

सहा वर्षं ती या वाक्यासाठी जीव टाकत होती. आता ते कानांत शिरलं आणि नकोसं झालं. ती पाटापासून मागे सरली, पदर सावरावा तसा कोट सावरत उठायला लागली.

"बस," निसानबेक म्हणाला.

ती बसली.

"अख्खा ठेवलाय तुझ्यापुढे. भाकरी टाकायची नसते." त्याने नान तिच्याकडे सरकवला. "संपव. आणि परत या दारात दिसू नकोस."

तिने तुकडा मोडला. तो समोर मांडी घालून बसून राहिला आणि शेवटचा घास तिच्या घशाखाली उतरेपर्यंत हलला नाही.